यमाची नोंद आणि आमची सही

सरकारी कार्यालयांत एका वाक्याला अलीकडे फार प्रतिष्ठा आली आहे : ‘सर्व्हरमध्ये तांत्रिक बिघाड झाला.’ पूर्वी त्याच्या जागी ‘फाईल सापडत नाही’ हे वाक्य असे. दोन्ही वाक्यांची रचना पाहण्यासारखी आहे. दोहोंत कर्ताच नाही. फाईल कोणी हरवली नाही, ती आपोआप सापडेनाशी झाली. सर्व्हर कोणी बिघडवला नाही, बिघाड आपोआप झाला. नागरिकाने ते ऐकून घ्यावे आणि उद्या पुन्हा यावे.

माझे म्हणणे असे की, आपल्याकडचे पुष्कळसे तांत्रिक बिघाड मुळात प्रशासकीय असतात. निदान एका प्रकारच्या बिघाडाबद्दल मी हे ठामपणे सांगू शकतो, कारण त्यात माझा स्वतःचा वाटा होता. संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरवरील आज्ञावल्या अद्ययावत करताना डेटाबेसची दोन पॅकेजे एकमेकांच्या आड येतात आणि काम अडते, हा तो प्रकार. विषय रुक्ष वाटेल. परंतु शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, रेशन, जमिनीचे उतारे हे सारे आज अशाच सर्व्हरांवर विसंबून आहे. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

२०१६ सालची गोष्ट. महाराष्ट्रापासून दूर, पूर्वेकडील एका राज्यात माझी नेमणूक होती आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ माझ्या अखत्यारीत होते. सर्व्हरवर सेंटओएस ६ ही मुक्त प्रणाली होती आणि तिच्यासोबत आलेल्या पीएचपी ५.३ व मायएसक्यूएल ५.१ या आवृत्त्या तशाच चालू होत्या. सुरक्षा तपासणीच्या अहवालात लिहून आले की, दोन्ही आवृत्त्या कालबाह्य आहेत, त्या बदलाव्यात. आकड्यांपुरते ते खरे होते. मायएसक्यूएल ५.१ला निर्मात्यांकडून मिळणारा आधार २०१३च्या अखेरीस संपला होता आणि पीएचपी ५.३चा २०१४ साली. परंतु सेंटओएससारख्या प्रणाली आपल्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून जोडत असतात. आकडा जुना दिसला तरी आतली भोके बुजवलेली असू शकतात. हा भेद अहवालात नव्हता आणि मला ठाऊक नव्हता. मला ठाऊक होते ते एवढेच, की अहवालावर अनुपालन कळवायचे असते. मी शेरा मारला : ‘सात दिवसांत अनुपालन करून अहवाल सादर करावा.’

हे काम ज्याच्याकडे गेले तो कंत्राटदार कंपनीने नेमलेला पंचविशीतला तरुण होता. शनिवारी रात्री वर्दळ कमी असते म्हणून त्याने ती वेळ निवडली. मायएसक्यूएलच्या निर्मात्यांकडून ५.६ आवृत्तीची पॅकेजे आणून तो ती बसवू लागला आणि पहिल्याच पायरीला अडला. पडद्यावर संदेश आला की, नव्या पॅकेजातील अमुक फाईल ‘मायएसक्यूएल-लिब्ज’ या जुन्या पॅकेजातील फायलीशी विसंगत आहे. सबब काम थांबवले आहे.

याचा अर्थ प्रशासनाच्या भाषेत फार सोपा आहे. पॅकेज म्हणजे फायलींचे एक गाठोडे आणि त्यासोबत एक यादी : मी कोणत्या फायली आणतो, मला कोणाची गरज आहे, माझे कोणाशी जमत नाही. पॅकेजातून आलेल्या प्रत्येक फायलीला एक मालक-पॅकेज असते. दोन वेगवेगळी पॅकेजे एकाच नावाची, पण निराळ्या मजकुराची फाईल आपली म्हणू लागली, तर दोघांना एकत्र नांदता येत नाही. एकाच खुर्चीवर दोन अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे आदेश निघाले तर जे होते तेच. चांगला मुख्य लिपिक अशा वेळी नव्याला पदभार देत नाही. दोन्ही आदेश साहेबांपुढे ठेवून विचारतो, यांतला कोणता खरा?

सेंटओएसवर हे लिपिकाचे काम करणाऱ्या साधनाचे नाव ‘यम’. ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत, पण मराठी माणसाला ते नाव ऐकून जे आठवते ते फारसे चुकीचे नाही. हाही कोणाला न्यायचे ते हिशेब करून ठरवतो, आणि याच्या पदरीही एक चित्रगुप्त आहे. केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद तो एका वहीत ठेवतो.

त्या तरुणाने जुने ‘लिब्ज’ पॅकेज काढून टाकण्याची आज्ञा दिली. दिसायला ते क्षुल्लक होते. नवा डेटाबेस येणार, मग जुन्याचे हे शेपूट हवे कशाला? यमाने ते तडकाफडकी काढले नाही. त्याने हिशेब मांडला. सेंटओएस ६मध्ये पोस्टफिक्स ही टपालव्यवस्था त्याच ‘लिब्ज’वर विसंबून होती, म्हणून पोस्टफिक्सही जाईल. क्रोनी या पॅकेजाला आपले अहवाल पाठवण्यासाठी टपालव्यवस्था लागते, म्हणून क्रोनीही जाईल. पीएचपीला डेटाबेसशी जोडणारे पॅकेजही जाईल. ही सारी यादी पडद्यावर मांडून त्याने विचारले : हे मान्य आहे काय? होय की नाही?

रात्रीचे दोन वाजले होते. सात दिवसांपैकी सहावा दिवस होता. त्याने ‘होय’ म्हटले.

नवा डेटाबेस बसला. संकेतस्थळ उघडेना, तेव्हा पीएचपीचा दुवा गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. जुन्या ‘लिब्ज’ची जागा घेणारे सुसंगत पॅकेज शोधून त्याने तो दुवा पुन्हा जोडला. पहाटे फोन आला, ‘सर, साइट चालू झाली.’ मी त्याला शाबासकी दिली आणि सोमवारी अनुपालन अहवालावर सही केली.

जे पडद्यावर दिसत होते ते दुरुस्त झाले. जे दिसत नव्हते ते तसेच राहिले. क्रोनी या पॅकेजात ‘क्रॉन’ असतो. ठरलेल्या वेळी ठरलेले काम न सांगता करणारा सर्व्हरचा हा रात्रपाळीचा कारकून. आमच्याकडे तो रोज दोन कामे करी. डेटाबेसची सुरक्षित प्रत काढून ठेवी, आणि दिवसभरात मंजूर झालेल्या विद्यार्थ्यांची यादी बँकेला पाठवण्यासाठी तयार करी. तो गेला आणि दोन्ही कामे थांबली. काही बंद पडल्याचे पत्र ज्या टपालातून यायचे, ते टपालही त्याच्यासोबतच गेले होते. संकेतस्थळ मात्र सुरेख चालत होते. विद्यार्थी अर्ज भरत होते, तालुक्याचे अधिकारी मंजुरी देत होते, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘मंजूर’ असे उमटत होते.

हे ११ दिवस चालले. आम्हांला ते कोणत्याही यंत्रणेने सांगितले नाही. सांगितले ते एका डोंगराळ तालुक्यातील मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेने, साध्या कागदावर हाताने लिहिलेल्या पत्रात. मुलींच्या नावापुढे मंजूर असे दिसते, पैसे जमा होत नाहीत, खाणावळवाला उधारी वाढवून द्यायला तयार नाही आणि परीक्षा शुल्क भरण्याची मुदत चार दिवसांवर आली आहे. ‘कृपया मुलींना काय सांगावे ते कळवावे,’ असे शेवटचे वाक्य होते. पत्र मिळाले त्या दिवशी त्या चारांपैकी तीन दिवस सरले होते.

आम्ही धावपळ केली, याद्या हाताने तयार केल्या, महाविद्यालयांना मुदतवाढीसाठी दूरध्वनी केले. बहुतेकांचे निभावले. सर्वांचे निभावले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही; कारण जी मुलगी शुल्क न भरता गावी परत जाते, ती आपल्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

मग चौकशी झाली. निष्कर्ष नेहमीचाच : तांत्रिक बिघाड, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. कंत्राटदाराने त्या तरुणाला कामावरून कमी केले आणि तसे आम्हांला कळवले. ‘योग्य कार्यवाही झाली, प्रकरण बंद करावे’ या टिपणीवर मी सही केली.

काही महिन्यांनी, बदलीच्या वेळी पदभार देताना मी ते प्रकरण पुन्हा चाळले. सोबत यमाच्या वहीची छापील प्रत होती. चौकशीत ती जोडली गेली होती, वाचली कोणी नव्हती. त्या रात्रीच्या तारखेखाली स्वच्छ ओळी होत्या : काढून टाकले, पोस्टफिक्स. काढून टाकले, क्रोनी. यंत्राने आधी विचारले होते, मग केले होते, आणि केलेले लिहूनही ठेवले होते. त्याच फायलीत आठ महिन्यांपूर्वीचा एक अर्ज होता. त्या तरुणाने लिहिले होते की, बदल करून पाहण्यासाठी चाचणीचा एक वेगळा सर्व्हर मिळावा. थेट चालू सर्व्हरवर प्रयोग करणे धोक्याचे आहे. त्यावर हिरव्या शाईत शेरा होता, ‘कृपया चर्चा करावी.’ अक्षर माझे होते. ती चर्चा कधीच झाली नाही.

एवढ्यासाठीच मी म्हणतो की, हा बिघाड प्रशासकीय होता. पॅकेजांतील विसंगती हा यंत्राचा दोष नाही. तो यंत्राने नोंदवलेला आक्षेप आहे. सरकारी कामकाजात अशा आक्षेपाचे मोल मोठे मानले जाते. वित्त विभागाने हरकत घेतली तर आपण फाईल पुढे रेटत नाही, निदान रेटू नये असे मानतो. सर्व्हरच्या हरकतीला मात्र आपण अडथळा समजतो आणि तो दूर करण्याचे काम कार्यालयातील सर्वांत कमी अधिकाराच्या माणसावर सोपवतो.

या विसंगती येतात तरी कोठून, हेही पाहू. त्या आकाशातून पडत नाहीत. माणसांच्या निर्णयांतून येतात. मायएसक्यूएल ही कंपनी २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे १०० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली. ओरॅकल स्वतः डेटाबेस विकणारी कंपनी. तिच्या हाती या मुक्त डेटाबेसचे काय होईल, या शंकेने मायएसक्यूएलचे मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ पासून त्याचीच एक स्वतंत्र शाखा वाढवायला घेतली होती. मोठी मुलगी ‘माय’ हिच्यावरून पहिल्याचे नाव पडले होते. धाकट्या मारियावरून दुसऱ्याचे नाव पडले मारियाडीबी. २०१४ साली रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने आणि तिच्यामागोमाग सेंटओएस ७ने मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी स्वीकारली. २०१७ साली डेबियन ९नेही तेच केले.

म्हणजे ज्या खुर्चीवर एक पॅकेज बसत होते, तिच्यावर दोन घराण्यांचा हक्क निर्माण झाला. फायलींच्या जागा त्याच, ३३०६ हे द्वार तेच, विदा ठेवण्याची कोठीही तीच. सेंटओएस ७वर कोणी ओरॅकलचे मायएसक्यूएल बसवू लागला की, मारियाडीबीचे ‘लिब्ज’ आडवे येत असे. ते काढू जाता पोस्टफिक्सचा बळी मागितला जात असे. प्रारंभी दोन्ही घराण्यांची अदलाबदल सहज होई. पुढे वाटा इतक्या फाकल्या की, २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.०ची कोठी मारियाडीबीला जशीच्या तशी उघडता येत नाही. त्यातच डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या पीएचपी ७ने मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी पद्धत सरसकट काढून टाकली. अडीच वर्षे आधी, २०१३ सालीच, ‘ही पद्धत जाणार’ अशी सूचना दिली गेली होती. जे सूचना वाचत होते त्यांनी आज्ञावली बदलली. जे वाचत नव्हते त्यांचा सर्व्हर जागीच थिजला.

अशा प्रसंगी आपल्या कार्यालयांत दोनच उपाय चालतात आणि दोन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला उपाय अधिलेखनाचा. पॅकेजे बसवण्या-काढण्याच्या आज्ञेला ‘नो-डेप्स’ असे शेपूट जोडता येते. त्याचा अर्थ, कोण कोणावर अवलंबून आहे ते विचारू नकोस, सांगितले तेवढे कर. यंत्र निमूटपणे आज्ञा पाळते आणि अवलंबून असलेली पॅकेजे आधाराविना लोंबकळत राहतात. ती लगेच पडत नाहीत. पुढच्या बदलाच्या वेळी, बहुधा पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत पडतात.

दुसरा उपाय स्थगितीचा. यमाच्या नियमावलीत एक ओळ लिहिता येते, की मायएसक्यूएल नावाच्या कोणत्याही पॅकेजाला हात लावू नये. भांडण तात्काळ मिटते. ‘सध्यापुरती’ म्हणून लिहिलेली ती ओळ मग वर्षानुवर्षे राहते. लिहिणारा निघून जातो, का लिहिली ते कोणाला ठाऊक नसते आणि काढण्याची कोणाची छाती होत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे आपल्या माहिती-तंत्रज्ञान प्रशासनाचे अलिखित धोरण आहे.

हात न लावण्याची किंमत काय, हे जाणून घ्यायला २०१७ सालचे अमेरिकेतील इक्विफॅक्सचे प्रकरण पुरेसे आहे. लोकांच्या पतव्यवहारांची नोंद ठेवणारी ही कंपनी. तिच्या संकेतस्थळामागील अपाची स्ट्रट्स या आज्ञावलीतील भोक मार्चमध्ये जाहीर झाले, दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली. इक्विफॅक्सच्या एका सर्व्हरवर ती बसली नाही. मेपासून जुलैअखेरपर्यंत चोर आत वावरत राहिले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्यांच्या तत्कालीन प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवले. ते वाचताना मला माझीच टिपणी आठवली. पुढे काँग्रेसच्या समितीने आपल्या अहवालात म्हटले की, हा प्रसंग संपूर्णपणे टाळता येण्याजोगा होता.

आता नेहमीचे आक्षेप.

‘हे काम कंत्राटदाराचे आहे.’ कंत्राट काढून वाचावे. संकेतस्थळ शेकडा इतका वेळ उघडे असले पाहिजे, नाही तर दंड, असे त्यात असते. आमच्या त्या ११ दिवसांत संकेतस्थळ शंभर टक्के उघडे होते. दंड शून्य आला. जे आपण मोजायला लावले तेच कंत्राटदाराने सांभाळले. बँकेची यादी मोजायला आपण सांगितलेच नव्हते.

‘सुरक्षा तपासणी होतेच.’ होते, आणि ती हवीच. परंतु मी पाहिलेल्या प्रमाणपत्रांत अशी अट असे की, ते एक वर्षापुरते किंवा आज्ञावलीत बदल होईपर्यंत वैध. तांत्रिकदृष्ट्या अट योग्य आहे. व्यवहारात तिचा परिणाम उलटा होतो. बदल केला की नवी तपासणी, नवी तपासणी म्हणजे नवी निविदा. त्यापेक्षा वर्षभर काहीच न बदलणे सोयीचे. सुरक्षेचे प्रमाणपत्र असे असुरक्षित राहण्याचे कारण बनते.

‘मुक्त प्रणाली घेतल्या म्हणून हे झाले.’ हा आक्षेप मला सर्वांत चुकीचा वाटतो. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले ते उचितच होते. आपली चूक अशी की, ‘मुक्त’ याचा अर्थ आपण ‘फुकट’ असा केला. परवान्याचे पैसे वाचले. देखभालीचे कोणी राखून ठेवले नाहीत. विकत घेतलेल्या प्रणालीतही पॅकेजे भांडतातच. मुक्त प्रणालीत निदान भांडण कशावरून आहे ते वाचता येते.

‘आता कंटेनर आले, मेघसंगणन आले, हा प्रश्न जुना झाला.’ कंटेनरमध्ये प्रत्येक आज्ञावली आपले गाठोडे आपल्यासोबत घेऊन येते, त्यामुळे दोघांची टक्कर होत नाही, हे खरे. पण गाठोड्यातले कपडे जुने होतातच. भांडण ऐकू येत नाही एवढाच फरक. आमच्या यमाने निदान हटकले तरी होते. सीलबंद गाठोडे हटकतही नाही.

आणि काळ कोणासाठी थांबत नाही. सेंटओएस ६चा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला. सेंटओएस ८ २०२९पर्यंत चालेल म्हणून अनेकांनी स्वीकारली. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तीही संपली. सेंटओएस ७ने ३० जून २०२४ रोजी निरोप घेतला. तिच्या यमाला पॅकेजे मिळण्याचे जुने पत्तेच नंतर बंद झाले. आता तेथे अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की उत्तर येते ते पत्ता सापडत नसल्याचे. इकडे सर्ट-इन या आपल्या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि नोंदवह्या १८० दिवस जपणे बंधनकारक केले. उत्तम झाले. पण ज्या कार्यालयाला आपला रात्रीचा कारकून मेल्याचे ११ दिवस कळत नाही, त्याच्या लक्षात येणार कधी आणि तो कळवणार काय? जपलेल्या नोंदवह्या वाचायच्या कोणी?

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून मी काय करावे म्हणतो तेही लिहितो. पुढील नेमणुकांत यातील बराचसा भाग मी करून पाहिला आहे.

१. प्रत्येक सर्व्हरची मालमत्ता-नोंदवही असावी. कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, कोणत्या भांडारातून आणले, त्याचा आधार कधी संपतो. डेटाबेस एका वेळी एकाच घराण्याचा घ्यावा. थोडा प्रणालीच्या भांडारातून आणि थोडा निर्मात्याच्या, अशी खिचडी करू नये. बहुतेक भांडणांचे मूळ या खिचडीत असते.

२. चालू सर्व्हरची एक चाचणी-प्रत असावी आणि बदल आधी तेथे व्हावा. हा खर्च चैनीचा समजू नये.

३. जुने काढून मग नवे बसवणे, असे दोन टप्पे करू नयेत. यमाला ‘हे काढ आणि ते बसव’ असे एकाच व्यवहारात सांगता येते, किंवा जुन्याची जागा घेणारे सुसंगत पॅकेज आधी बसवता येते. मग पोस्टफिक्स-क्रोनीला धक्का लागत नाही. एका अधिकाऱ्याची बदली आणि दुसऱ्याने पदभार घेणे एकाच आदेशात व्हावे, म्हणजे खुर्ची रिकामी राहत नाही, तसेच हे.

४. यमाने ‘ही पॅकेजे जातील’ म्हणून दिलेली यादी रिकामी नसेल, तर ‘होय’ म्हणण्यापूर्वी ती यादी जबाबदार अधिकाऱ्याला पाठवावी आणि लेखी संमती घ्यावी. अधिकाऱ्याला ती समजत नसेल तर त्याने समजावून घ्यावी. इमारतीच्या नकाशावर सही करताना आपण अभियंत्याला प्रश्न विचारतोच.

५. बदलापूर्वी डेटाबेसची प्रत काढावी आणि ती दुसरीकडे उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, आशा आहे. नव्या आवृत्तीने एकदा कोठी आपलीशी केली की, जुनी आवृत्ती तिच्यात परत बसत नाही. पायऱ्याही गाळू नयेत, ५.१वरून ५.५ आणि मग ५.६, असेच जावे.

६. न दिसणाऱ्या कामांची यादी भिंतीवर लावावी. प्रत काढणे, बँकेची यादी, संदेश पाठवणे. बदलानंतर संकेतस्थळ उघडते का एवढे न पाहता ही प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली का ते तपासावे. कंत्राटातील दंडही त्यांच्याशी जोडावा.

७. देखभालीसाठी अर्थसंकल्पात वेगळे शीर्ष आणि कार्यालयात नियमित पद असावे. पुलाची दुरुस्ती निविदेतल्या ‘इतर खर्च’मधून होत नाही. ज्याच्या हाती दहा लाख लोकांची माहिती आहे, त्याची नोकरी कंत्राटदाराच्या एका पत्राने जाऊ नये.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही. लागते ते एवढेच की, वरिष्ठांनी हा विषय आपला मानावा. आम्ही प्रशासकांनी जमिनीचे कायदे शिकून घेतले, धरणांचे हिशेब शिकून घेतले, साथीच्या रोगांचे शास्त्रही गरजेपुरते शिकलो. सर्व्हरजवळ आलो की मात्र ‘ते तांत्रिक आहे’ असे म्हणून मागे सरतो. या मागे सरण्यात नम्रता नाही. त्यात सोय आहे.

हे लेख वाचणाऱ्यांपैकी बरेच जण घरापासून दूर आहेत. कोणी बंगळुरूला, कोणी हैदराबादला, कोणी दिल्लीला किंवा साता समुद्रांपलीकडे. आणि आपल्यापैकी अनेकांचे पोट याच सर्व्हरांवर चालते. मी वर्णन केलेली रात्र तुम्हांपैकी काहींनी स्वतः काढली असेल. माझी विनंती अशी की, पुढच्या वेळी यंत्र ‘होय की नाही’ विचारील तेव्हा ती यादी आपल्या वरिष्ठाला पाठवा, आणि तो प्रश्न त्याच्या सहीसाठी तेथेच थांबवा. तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल, तर तुमच्या टेबलावर ‘चर्चा करावी’ म्हणून पडून असलेला चाचणी-सर्व्हरचा अर्ज आज बाहेर काढा.

तो तरुण आता कोठे आहे मला माहीत नाही. चौकशीच्या वेळी मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, ‘तू होय का म्हटलेस?’ तो खाली मान घालून उभा राहिला. आपल्यावरचा अर्ज निर्णयाविना पडला आहे, हे तो माझ्या तोंडावर म्हणू शकला असता. त्याने म्हटले नाही. माणसाने मान राखला. यमाच्या वहीने मात्र कोणाचा मुलाहिजा ठेवला नाही, आणि मला जे कळले ते तिच्यामुळेच.